भिंतीवरची नावं

जोसेफ किसेलाक हे नाव तुमच्यापैकी फारसं कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. ऐकायचं काही कारणही नाही. हा काही कवी नव्हता, सेनापती नव्हता, शास्त्रज्ञ तर नव्हताच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात बादशहाच्या खजिन्याचं जे खातं होतं, त्याच्या दप्तरखान्यातला हा एक खालच्या हुद्द्याचा कारकून. १८३१ साली व्हिएन्नात पटकीची साथ आली, त्यात तो गेला. तिशी नुकतीच ओलांडली होती. अशा माणसाचं नाव दोनशे वर्षांनी कुणाच्या लक्षात राहायचं? पण ऑस्ट्रियात ते अजून लोकांना ठाऊक आहे, कारण ते त्याने स्वतःच जागोजागी लिहून ठेवलं. खडकांवर, पडक्या किल्ल्यांच्या भिंतींवर, मनोऱ्यांवर, खांबांवर... जिथे जाईल तिथे. काळ्या तैलरंगात, ठळक अक्षरांत, बहुतेक ठिकाणी नुसतं आडनाव.

आपल्याकडे गडावर गेलं की बुरुजावर बदामात बाण आणि दोन नावं दिसतात. ते लिहिणारा एकदा लिहितो, आणि तेही बहुधा कुणाला तरी दाखवायला. किसेलाकचं तसं नव्हतं. त्याच्या नावाशेजारी दुसरं कुठलंच नाव नाही. १८२५ साली तो आपली दूना नावाची कुत्री बरोबर घेऊन पायी निघाला आणि स्टायरिया, कॅरिंथिया, साल्झबर्ग, टिरोल, बव्हेरिया असा सगळा डोंगराळ मुलूख पालथा घालून व्हिएन्नाला परतला. या प्रवासावर त्याने १८२९ मध्ये दोन भागांचं पुस्तकही छापलं. म्हणजे माणूस लिहिता होता, डोळे उघडे ठेवून हिंडणारा होता. तरीही ते पुस्तक मागे पडलं आणि भिंतीवरचा एक शब्द पुढे गेला. ज्यांनी आयुष्यभर लेख लिहिले त्यांनी यावर फार विचार करू नये, त्रास होतो!

त्याच्याविषयी दोन गोष्टी सांगतात. पहिली पैजेची. तीन वर्षांच्या आत साऱ्या साम्राज्यात माझं नाव माहीत होईल, अशी म्हणे त्याने मित्रांशी पैज मारली आणि मुदतीच्या आधीच जिंकली. दुसरी गोष्ट जास्त रंगतदार आहे. ठिकठिकाणच्या तक्रारी ऐकून वैतागलेल्या बादशहा फ्रान्सिसने या कारकुनाला समोर बोलावलं, चांगलं फैलावर घेतलं आणि पुन्हा असं करणार नाही असं वचन घेतलं. किसेलाक खाली मान घालून गेला. तो गेल्यावर बादशहाने पाहिलं, तर खुद्द त्याच्या मेजावर नाव कोरलेलं : किसेलाक.

ही गोष्ट खरी असेल असं मला वाटत नाही. बादशहाच्या देखत मेजावर कोरणार कधी आणि कशाने? अशा गोष्टी माणूस गेल्यानंतर तयार होतात, बिरबलाच्या होतात तशा. पण ती लोकांनी रचली आणि पिढ्यान् पिढ्या सांगितली यालाही अर्थ आहे. लोकांना तो कारकून आवडला होता. आणि गंमत अशी, की लोकांनी रचलेल्या गोष्टीतसुद्धा शिक्षा म्हणून फक्त बोलणी आहेत. तुरुंग नाही, दंड नाही, नोकरीही गेली नाही.

याचं कारण त्या काळात आहे. ऐतिहासिक जागी गेल्यावर आपलं नाव लिहून येणं हा तेव्हाच्या युरोपातल्या प्रवाशांना गुन्हा वाटतच नव्हता. बेल्झोनी नावाच्या इटालियन माणसाने गिझाचा दुसरा पिरॅमिड उघडला आणि आतल्या दफनाच्या खोलीत भल्या मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं की हा आपण शोधला, तारीख २ मार्च १८१८. ते अजून तिथे आहे. ज्याच्या हातात छिन्नी किंवा रंग आणि अंगावर बरे कपडे, त्याला कुणी हटकत नसे. व्हिएन्नाच्या श्वार्झेनबर्ग उद्यानातल्या एका स्तंभावर किसेलाकचं नाव आजही टिकून आहे, आणि आता ते पुसणं हाच अपराध ठरेल अशी त्याची किंमत झाली आहे. लोक मुद्दाम वाट वाकडी करून ते पाहायला जातात.

आता तिथून दीडशे वर्षं पुढे, न्यूयॉर्कला येऊ. २१ जुलै १९७१ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक बातमी आली. शहरभर भिंतींवर, भुयारी रेल्वेच्या स्थानकांत आणि डब्यांत 'टाकी १८३' असं कुणीतरी लिहीत होतं, त्याचा माग बातमीदाराने काढला होता. टाकी हे एका ग्रीक वंशाच्या मुलाच्या नावाचं लाडकं रूप, आणि १८३ हा तो राहत होता त्या रस्त्याचा क्रमांक. पोरगा निरोप आणि पाकिटं पोचवण्याचं काम करायचा, त्यामुळे दिवसभर शहरात हिंडणं व्हायचंच. खिशात जाड शाईचं पेन. झालं! बातमी छापून आली मात्र, शेकडो मुलांनी तीच वाट धरली. (बातमीदाराला कुणी जबाबदार धरलं नाही.) १९७२ मध्ये महापौर लिंडसे यांच्या कारकिर्दीत शहराने याविरुद्ध कायदा केला, त्यानंतरही पुढची पंधरा-सोळा वर्षं रेल्वेचे डबे रंगत राहिले. लोहमार्ग खात्याने रंगलेला डबा रुळावर सोडायचाच नाही असं धोरण चिकाटीने राबवलं, तेव्हा कुठे १९८९ मध्ये डबे स्वच्छ झाले. मुलाला आपलं नाव शहरभर फिरायला हवं होतं. ते फिरेनासं झालं, तेव्हा डब्यावर लिहिण्यातली गोडी गेली. मला हा भाग कायद्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो.

पण मला सांगायचं आहे ते लॉस एंजेलिसच्या 'चाका'बद्दल. चाका हे त्याने घेतलेलं टोपणनाव. खरं नाव सगळीकडे छापून आलेलं आहे, पण त्या वयाच्या मुलाचं नाव मी इथे लिहीत नाही. १९९० च्या सुमारास उत्तर-दक्षिण शेकडो मैलांच्या टापूत रेल्वेमार्गालगत, पुलांवर, विजेच्या खांबांवर, रस्त्याच्या पाट्यांवर हे पाच अक्षरांचं इंग्रजी नाव दिसायला लागलं. मुलगा सापडला तेव्हा अठरा वर्षांचा होता. पोलिसांचा अंदाज दहा हजार ठिकाणांचा! किसेलाकने सुद्धा हात टेकले असते. पुसण्याचा खर्च लाखो डॉलरांत काढला गेला. न्यायालयाने १९९१ मध्ये त्याला चांगल्या वर्तणुकीच्या देखरेखीखाली सोडलं आणि १,५६० तास भिंती साफ करण्याचं काम लावलं. रोजचे आठ तास धरले तर हे १९५ दिवस होतात. म्हणजे आपल्याकडचं शाळेचं जवळजवळ एक वर्ष.

आणि पुढे काय झालं ठाऊक आहे? देखरेख अधिकाऱ्याला भेटायला जाताना न्यायालयाच्या इमारतीतल्या लिफ्टवर आपलं नाव लिहिल्याच्या आरोपावरून त्याच वर्षी त्याला पुन्हा पकडलं. व्हिएन्नातल्या लोकांनी किसेलाकबद्दल जी गोष्ट रचली होती, ती एकशे साठ वर्षांनी लॉस एंजेलिसच्या पोलिसांच्या कागदावर उतरली. मेजाच्या जागी लिफ्ट, एवढाच फरक. हे वाचलं तेव्हा मी प्रथम हसले आणि मग बराच वेळ तसंच बसून राहिले. कारण बादशहाच्या गोष्टीतला कारकून आपल्याला खोडकर वाटतो आणि लिफ्टमधला मुलगा बिघडलेला वाटतो. दोघांनी केलं काय? एकच.

सिंगापूरची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती बहुतेकांना आठवत असेल. तिथे १९६६ पासून असा कायदा आहे की भिंत विद्रूप करणाऱ्याला दंड किंवा तुरुंग, आणि त्याबरोबर तीन ते आठ छड्या. हा कायदा मुळात आला तो विरोधी पक्षाच्या भिंतीवरच्या घोषणांना आळा घालायला. सापडला त्यात १९९४ मध्ये एक अठरा वर्षांचा अमेरिकन मुलगा, मोटारींवर रंग फवारल्याबद्दल. चार महिने तुरुंग, साडेतीन हजार सिंगापुरी डॉलर दंड आणि सहा छड्या. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी रदबदली केली, तेव्हा सहाच्या चार झाल्या. तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत यावर जोराची चर्चा झाली होती आणि निम्म्या लोकांचं मत छड्यांच्या बाजूने होतं. माझं नव्हतं, आजही नाही. रंग मोटारीवरून निघतो. छडी जिथे बसते तिथून ती निघत नाही.

आता घराजवळ येते. किसेलाक पायी निघाला त्याच्या सहा वर्षं आधी, २८ एप्रिल १८१९ रोजी, मद्रास इलाख्यातल्या सैन्याचा एक कप्तान जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीला म्हणून वाघुर नदीच्या घळीत उतरला होता. समोर कड्यात एक मोठी कमान दिसली. आपण सगळ्यांनी पुस्तकात वाचलेला हा 'अजिंठ्याचा शोध'. (शोध कसला! आजूबाजूच्या गावकऱ्यांना लेणी ठाऊक होती. साहेबाने पाहिली म्हणजे ती सापडली, अशी ती पद्धत. मी वर्गात हा धडा शिकवताना 'शोध' या शब्दापाशी नेहमी थांबायची.) तो शिरला ते दहाव्या क्रमांकाचं लेणं, ख्रिस्तपूर्व काळात कोरलेलं चैत्यगृह, अजिंठ्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी. आत ३९ अष्टकोनी खांब आणि त्यांवर पुढच्या काळातली बुद्धाची चित्रं. स्मिथने काय केलं? त्यातल्या एका खांबावरच्या चित्रातच आपलं नाव आणि तारीख खरवडली.

ते नाव अजून तिथे आहे, पण आपल्या डोक्याच्या बरंच वर. कारण तेव्हा लेण्यात शतकानुशतकांची माती आणि दगडगोटे साचले होते आणि स्मिथ त्या ढिगावर उभा होता. नंतर लेणं साफ झालं, जमीन खाली गेली आणि नाव वर राहिलं. मी दोनदा सहल घेऊन गेले आहे. दोन्ही वेळा वाटाड्याने विजेरीचा झोत आधी त्या नावावर टाकला आणि नंतर चित्रावर. मुलांनीही नावच आधी वाचलं, कारण ते वाचता येतं.

स्मिथला शिक्षा झाली असती का? कुणी करायची हाच प्रश्न. अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात. कंपनी सरकारचे सार्वजनिक इमारतींच्या जपणुकीबद्दलचे नियम नव्हते असं नाही. बंगालमध्ये १८१० चा होता, आणि स्मिथ ज्या मद्रासचा त्या मद्रासमध्ये १८१७ चा, म्हणजे फक्त दोन वर्षांपूर्वीचा. पण ते कंपनीच्या हद्दीतले, अजिंठ्याला ते लागू नव्हते. मोठा कायदा आला १९०४ मध्ये, लॉर्ड कर्झनच्या वेळी. संरक्षित वास्तूची नासधूस किंवा विद्रूपीकरण केलं तर पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९०४ मधले पाच हजार म्हणजे काय रक्कम होती याचा विचार करा. सामान्य माणूस देशोधडीला लागला असता.

स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये आपला स्वतःचा प्राचीन स्मारकांचा कायदा झाला. त्यात शिक्षा किती? तीन महिने, पाच हजार, किंवा दोन्ही. आकडा तोच! आणि तो तसाच राहिला २०१० पर्यंत. एकशे सहा वर्षं आपण पाच हजारांवर अडून बसलो. सोनं कुठून कुठे गेलं, शिक्षकांचे चार-पाच वेतन आयोग होऊन गेले, पण अजिंठ्याच्या खांबाची किंमत वाढली नाही. २०१० मध्ये दुरुस्ती झाली आणि आता कमाल शिक्षा दोन वर्षं कैद, किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही अशी आहे. रस्त्यावरच्या साध्या भिंतींसाठी महाराष्ट्राचा १९९५ चा वेगळा कायदा आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चौकाचौकांतले वाढदिवसाचे फलक आणि रंगवलेल्या भिंती पाहिल्या की हा कायदा कुणाकुणाने वाचला असेल असा प्रश्न पडतो. असो.

दहाव्या लेण्यात आणखी एक नाव आहे, ते मात्र वाटाड्या दाखवत नाही. दर्शनी भागावर, कमानीपाशी, ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे. वासिठीपुत्र कटहादि नावाच्या माणसाने हे 'घरमुख', म्हणजे लेण्याची दर्शनी बाजू, दान दिली एवढाच त्याचा मजकूर. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा. म्हणजे एकाच लेण्यावर दोन नावं. एकाने पुढचा सगळा भाग करून दिला आणि मग नाव घातलं. दुसऱ्याने काहीच दिलं नाही, आयत्या चित्रावर घातलं. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर अशा नावांची रांगच आहे. धेनुकाकट गावच्या यवनांनी एकेक खांब दिला, वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने दिलं त्याचं नाव आहे, सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या सिंहदत्ताने दरवाजा करून दिला त्याचं आहे, आणि एका सुताराचंही आहे. सुताराचं मला फार आवडतं.

माझ्या एका भाच्याशी यावर बोलणं झालं, तो परदेशात वकिली शिकलेला आहे. तो म्हणाला, "मावशी, खांब द्यायची ऐपत असलेल्याने खांब दिला. न्यूयॉर्कच्या पाकिटं वाटणाऱ्या पोराने काय द्यायचं होतं? त्याच्याकडे पेनच होतं." त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. मोठमोठ्या इमारतींवर कंपन्यांची नावं दिव्यांनी झळकतात, ती पैसे भरून लिहिलेली असतात इतकंच. ज्याचं नाव कुठल्याच पाटीवर कधी येणार नाही असा मुलगा रात्री पुलावर चढून ते लिहितो, यातलं दुःख मला कळतं. आमच्या शाळेत बाकावर कर्कटकाने नाव कोरणारी मुलं कोण असायची? पहिल्या बाकावरची हुशार मुलं नव्हेत, त्यांची नावं दर्शनी भिंतीवरच्या फळ्यावर झळकत. कोरणारी असायची ती मागच्या बाकांवरची. आमच्या शिपाईमामांचा त्यावर ठरलेला उपाय होता, पॉलिश पेपर आणि रविवारची सकाळ. बाक घासून गुळगुळीत झाला की मामा स्वतः त्या मुलाला चहा पाजायचे. लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी १,५६० तास सांगितले, मामांना तीन तास पुरत.

पण भाच्याला मी हेही म्हटलं, की बाक घासता येतो, डबा धुता येतो, पुलाला रंग देता येतो. स्मिथच्या नावाचं काय करायचं? ते खरवडून काढायला जावं तर उरलेलं चित्रही जाईल. म्हणून ते तसंच ठेवलं आहे, आणि ठेवलं तेच बरं. माझा राग तिथे आहे. एकाच कायद्याच्या कलमाखाली पुसता येणारं आणि कधीच न पुसता येणारं हे दोन्ही 'विद्रूपीकरण' म्हणून एकत्र मोजतात. शिक्षा ठरवताना आधी हा प्रश्न विचारावा, मग मुलाचं वय, मग भिंत कुणाची ते. भाचा म्हणाला, न्यायालयाला तेवढी मोकळीक असते. असेलही. पण कलमात कमाल शिक्षेचा आकडा लिहिलेला असतो आणि वर्तमानपत्रात तोच छापून येतो.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. तेव्हापासून गडांवरची गर्दी वाढली आहे असं तरुण नातलग सांगतात. वाढावीच. माझ्या गुडघ्यांना आता राजगड झेपत नाही, पण दिवाळीच्या सुट्टीत नातवंडं जाणार आहेत. त्यांच्या सॅकमधून मी कर्कटक काढून घेणार नाही, तेवढा विश्वास आहे. मात्र निघण्याआधी त्यांना किसेलाकची आणि कटहादीची अशा दोन्ही गोष्टी सांगणार आहे.

कार्ल्याच्या त्या सुताराबद्दल आणि इतर देणगीदारांबद्दल पुढे कधीतरी सविस्तर लिहीन.